वर धरलेलं वल्हं

काल फहदचा फोन आला होता. तुमच्या फहदचा. तो काय म्हणाला ते शेवटी सांगते, आधी आपलं भांडण पुढे नेऊ दे. तुम्ही मध्येच उठून गेलात म्हणून ते मिटलं असं समजू नका.

भेटायला येणारे सगळे एकच म्हणतात, साहेब फार शांत होते हो. मी मान हलवते. चहा पुढे करते. तुम्ही कुठे जन्मलात, काय शिकलात, किती वर्षं परदेशात होतात, ते केतकीने पेपरात दिलंय. फोटो मात्र तिने तो इकाम्यावरचा, सौदीच्या रहिवासी परवान्यावरचा दिलाय, ज्यात तुम्ही कुणीतरी चिमटा काढल्यासारखे दिसता. मी म्हटलं, दुसरा दे. तर म्हणाली, "आई, धिस इज हाऊ ही लुक्ड व्हेन ही वॉज थिंकिंग." पोरीचं खरं आहे. तुमच्या गॅस प्लँटमधल्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकताना तुमचा चेहरा तसाच व्हायचा, आणि माझं बोलणं ऐकताना कधीच तसा झाला नाही.

तर भांडण. माझं म्हणणं एवढंच होतं की तुमच्या हाताखाली दिलेल्या फहदला शिकवताना तुम्ही हातचं राखायला हवं होतं.

ती वर्षं आठवतात? अल-खोबरला आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाहीकडे जेवायला जा, वरणभात ताटात पडायच्या आधी सौदायझेशन ताटात पडायचं. कोणाच्या जागी सौदी मुलगा आला, कोणाला फायनल एक्झिट, म्हणजे कायमची परतपाठवणी लागली, कोणाचा इकामा पुढे वाढला. बायका स्वयंपाकघरात तेच बोलायच्या, नवरे हॉलमध्ये तेच. आणि प्रत्येकाकडे बचावाचा एकच उपाय होता. शिकवायचं, पण सगळं नाही. प्रत्येकाने आपापल्या मशीनची एखादी खोड स्वतःजवळ दडवून ठेवलेली. ती खोड उद्भवली की साहेबांना फोन करावाच लागला पाहिजे, असा तो हिशेब. शेजारचे देशपांडे, तुमच्याच प्लँटमधले, तुम्हाला आपल्या सोफ्यावर बसून बजावून गेले होते, "अरे, मुलगा हुशार आहे म्हणून वाहवत जाऊ नकोस. एक पत्ता खाली ठेव. मीही ठेवलाय."

तुम्ही काय केलंत? दुसऱ्याच दिवशी फहदला घरी जेवायला घेऊन आलात. खफजीचा तो उंच, लाजरा मुलगा पायातल्या सपाता दाराबाहेर सरळ रेषेत लावून आत आला आणि माझ्याकडे न बघता मला सलाम केला. जेवण झाल्यावर तुम्ही टेबलावर ताटल्या, वाट्या, चमचे मांडून त्याला अख्खं युनिट समजावून सांगितलंत. माझी आमटीची वाटी म्हणजे सक्शन ड्रम होती. कुठला आवाज आला की काय बिघडलंय, कुठला मीटर खोटं बोलतो, उन्हाळ्यात दुपारी कशावर विश्वास ठेवायचा नाही. मी भांडी आवरायला थांबले होते आणि ऐकत होते. सगळं सांगितलंत. एक चमचासुद्धा लपवला नाहीत.

तो गेल्यावर मी म्हटलं, "स्वतःच्या खुर्चीचे पाय स्वतः कापताय."

"खुर्ची कंपनीची आहे गं."

"आणि घर? केतकीची शाळा?"

"शाळेचं होईल काहीतरी. पण तिथे गॅस असतो. अर्धवट शिकलेला माणूस मी त्या गॅससमोर उभा करू?"

केतकीसुद्धा तेव्हा माझ्याच बाजूने होती. "बाबा, दॅट्स नॉट स्मार्ट," असं वहीतून मान वर न काढता म्हणाली होती.

फहद तुम्हाला अबू केतकी म्हणायला लागला, केतकीचे वडील. तिथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात आणि प्लँटमधल्या कोणीतरी तुम्हाला मुलगा नाही म्हणून हळहळून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, मुलगी आहे ना, तिचं नाव लावा. मग सगळं युनिटच तुम्हाला अबू केतकी म्हणू लागलं आणि मी उम्म केतकी झाले. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आज सांगते, माझ्या लग्नातल्या उखाण्यापेक्षा मला ते जास्त आवडलं होतं.

आता तुमच्या युनिटच्या एका शब्दाबद्दल. केतकीच्या मैत्रिणीला परवा मी सांगत होते तर तिला खरं वाटेना. तुमच्या युनिटमध्ये अरबी, उर्दू, मल्याळी, फिलिपिनो सगळी माणसं, आणि 'स्टॉप' हा शब्द दिवसभर इतका ओरडला जायचा की तो ऐकून कोणी थांबायचंच नाही. एकदा कोणीतरी भलताच व्हॉल्व्ह फिरवायला निघाला आणि घाबरून तुमच्या तोंडून आपली भाषा बाहेर पडली, "थांबा!" असा शब्द कोणी कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे सगळे जागच्या जागी उभे राहिले. तेव्हापासून तो तुमच्या युनिटचा शब्द झाला. तुम्ही त्याला नियमही जोडलात. हा शब्द कोणीही, कोणालाही म्हणू शकतो. झाडूवाल्याने मॅनेजरला म्हणावा. ऐकणाऱ्याने आधी हात वर करून थांबायचं, का ते नंतर विचारायचं.

फहदला सगळं आलं, तेवढं एक आलं नाही. त्याच्या जिभेला 'थ' जड जायचा, तो 'तांबा' म्हणायचा, पण अडचण ती नव्हती. बरोबरीच्यांना तो खुशाल ओरडायचा. तुम्हाला मात्र त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. तुम्ही मुद्दाम चुकीच्या व्हॉल्व्हला हात घालायचात आणि वाट बघायचात. तो कावराबावरा व्हायचा, पुढे यायचा, मागे जायचा, पण गप्प. मग तुम्हीच हात काढून घ्यायचात. विचारलंत तर म्हणाला, "अबू केतकी, तुम्ही मला वडिलांच्या जागी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." त्यांच्याकडेही मोठ्यांना तोडून बोलत नाहीत, आपल्याकडे तरी कुठे बोलतात? तुम्ही घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचात, "एक धडा राहिलाय गं." मी म्हणायची, राहू दे की, तेवढा तरी पत्ता खाली राहू दे. तुम्हाला राग यायचा. फार थोड्या वेळा यायचा, त्यातली ही एक.

मग तुमची खुर्ची फहदला मिळाली. प्लँटमधल्या शेवटच्या दिवशीसुद्धा तुम्ही त्याची परीक्षा घेतलीत आणि तो गप्पच राहिला. त्या संध्याकाळी आपण समुद्रकाठी कॉर्निशवर बसलो होतो, समोर आखाताचं सपाट पाणी. घर गेलं, पगार गेला, ह्याबद्दल तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. म्हणालात, "मी नसताना जो कोणी त्याचा साहेब होईल, तो चुकला तर हा गप्प बसेल." मग आपण वॉशिंग मशीन विकलं, पडदे शेजारी दिले आणि नाशिकला आलो.

आणि आल्यावर वर्षही झालं नसेल, फहदने ती खुर्ची सोडली!

मी त्या दिवशी जे बोलले ते सगळ्या सोसायटीने ऐकलं असेल. ज्या खुर्चीपायी आपलं घर उठलं, ती ह्या गृहस्थाला नकोशी झाली. नोकरी सोडून निघाला कुठे, तर लाल समुद्रात पर्यटकांना कयाकमधून देवमासे दाखवायला. त्यांच्या देशात आता पर्यटन वाढतंय, तिथेही सौदी मुलंच हवीत, त्याने वाटाड्याचं प्रशिक्षण घेतलं म्हणे. तुम्ही फोन ठेवलात आणि हसलात. "त्याचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे. पोरगं घरी गेलं." मी म्हटलं, आणि आपण आलो ते कुठे? त्याचं उत्तर तुमच्याकडे बाकी आहे. ते अजून यायचंय.

त्याचं बोलावणं आलं तेव्हा मी नाहीच म्हणाले होते. तुम्ही खफजीची गोष्ट काढलीत. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ड्यूटी असताना देवमासा अगदी जवळ आला होता, सगळे कठड्याला जाऊन उभे राहिले आणि तुम्ही खाली कंट्रोल रूममध्ये मीटर बघत बसलात, कारण कोणीतरी बसायला हवं होतं. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की त्या देवमाशाला मी ओळखलं असतं. पण ह्या वेळी तुम्ही ती सांगितलीत आणि शेवटी म्हणालात, "चल ना." तुम्ही मला आयुष्यात 'चल' पुष्कळदा म्हणालात. 'ना' त्या दिवशीच लावलंत.

टूरिस्ट व्हिसा! जिथे इकाम्याशिवाय भाजी आणायला उतरत नव्हतो तिथे आपण पाहुणे म्हणून गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पहिल्यांदाच येताय का? तुम्ही तिला अरबीत असं काही सांगितलंत की ती हसून काका, काका करत शिक्का मारायला लागली. मी विचारलं, काय म्हणालात? "म्हटलं, माझे केस इथेच काळ्याचे पांढरे झालेत." जिझानहून बोटीने ज्या बेटांवर गेलो त्यांचं नाव फरसान ऐकल्यावर तर तुम्ही पिशवीतला चिवडा काढून फहदच्या हातात ठेवलात आणि त्याला आपला विनोद समजावून सांगायला लागलात. बिचारा हसला. तो आता काळाठिक्कर पडला होता, खांदे रुंद झाले होते आणि माझ्याकडे सरळ बघून बोलत होता.

आपल्याबरोबर रियाधचे दोघे भाऊ होते. मोठ्या कॅमेऱ्याचे, मोठ्या आवाजाचे, मनाने चांगले. ते एका कयाकमध्ये, आपण दुसऱ्यात, फहद एकटा पुढे. मी पुढच्या बैठकीवर, तुम्ही माझ्या मागे. पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने ती सांभाळून दिशा द्यायची, असं फहदने सांगितलं. पहिल्या दिवशी आपण तासभर जागच्या जागी गोल फिरलो. तुम्ही मागून "डावीकडे, डावीकडे" आणि मी "मग तुम्हीच मारा." त्या भावांनी आपलं शूटिंग केलं. आपल्याला कळत नाही असं समजून ते अरबीत काय बोलत होते, ते तुम्ही मला तंबूत सांगितलंत, आणि मी इतकी हसले की तंबूची काठी पडली.

ते वाळूवरचे तंबू, तो कढईएवढा चहाचा डबा, फहदने निखाऱ्यावर भाजलेला मासा. तुम्ही नुसता भात खाल्लात आणि मी दोन मासे खाल्ले. कांदळवनाच्या मुळांतून कयाक नेताना तुम्ही एकदम गप्प झालात. वळून पाहिलं तर तुमच्या चेहऱ्यावर तो इकाम्यावरचा भाव, कॉम्प्रेसर ऐकल्यासारखा. ह्या वेळी तुम्ही पाणी ऐकत होतात. मला तेव्हा तुमच्याबद्दल जे वाटलं ते लिहायला मराठी पुरेल की नाही मला माहीत नाही. माझा नवरा, एवढंच वाटलं.

देवमासा काही दिसेना. डॉल्फिन दिसले, कासव दिसलं. फहद रोज सांगायचा, समुद्र आहे, इन्शाल्ला. शेवटच्या सकाळी आपण खडकाळ टोकाला वळसा घातला आणि त्या थोरल्या भावाने आरोळी ठोकली. लांब, खुल्या पाण्यात धुरासारखा फवारा उठला. मग पुन्हा. मग काळसर काहीतरी वर आलं आणि सावकाश आत गेलं.

फहद म्हणाला, शांतपणे जाऊ, लांबच राहू, तोच आला तर येईल. आपण निघालो. तुम्ही मागून असं वल्हं मारत होतात की मला लय धरायची गरजच उरली नाही. तुमचा श्वास मला ऐकू येत होता. मी मनात म्हणत होते, दिस रे बाबा, एकदा नीट दिस, ह्या माणसाने तुझ्यासाठी आयुष्यभर मीटर बघितलेत.

आणि फहद थांबला. दक्षिणेकडे पाण्यावर एक गडद पट्टा सरकत येत होता. मला तर तो ढगाची सावली वाटला. फहदने तो पाहिला, एकदा किनाऱ्याकडे पाहिलं, आणि वल्हं सरळ डोक्यावर उभं धरलं.

"तांबा!"

तो शब्द तिथे, त्या पाण्यावर, त्याच्या तोंडून! भावांना अर्थात काही कळलं नाही. वारा येतोय, मागे फिरायचं, असं त्याने अरबीत सांगितलं तेव्हा ते खवळलेच. पाच मिनिटं! तो बघ, तिथे आहे! फवारा खरोखरच पुन्हा उठला, आधीपेक्षा जवळ. मग थोरला तुमच्याकडे वळला. "अबू केतकी, तुम्ही ह्याचे उस्ताद. तुमचं ऐकेल. सांगा त्याला."

फहदसुद्धा तुमच्याकडेच बघत होता. त्याचं वल्हं वरच होतं, पण चेहरा आपल्याकडे जेवायला आलेल्या त्या लाजऱ्या मुलाचा झाला होता. तुम्ही नुसतं "जाऊ या थोडं" म्हणाला असतात तर तो वल्हं खाली घेणार होता, हे मला लख्ख दिसत होतं. मी पुढे बसलेली, मला तुमचा चेहरा दिसत नव्हता. फवारा मात्र दिसत होता. मला भीती वाटली. वाऱ्याची नाही, तुमची. एवढं लांब येऊन, एवढं जवळ येऊन, माणूस आहे शेवटी.

आपली कयाक जागच्या जागी उभी राहिली. मी मान वळवली. तुमचं वल्हं सरळ वर होतं, आणि वल्ह्यावरून ओघळणारं पाणी तुमच्या टोपीवर पडत होतं.

"तो थांबा म्हणाला," तुम्ही त्या भावांना म्हणालात. "खलास. आधी थांबायचं, का ते किनाऱ्यावर विचारा."

मग त्यांनीही वल्ही वर केली. मीही केलं. आपण फिरलो. टोकाच्या आडोशाला पोचतो न पोचतो तोच मागे सगळं पाणी पांढरं झालं. आपण जिथे होतो तिथे लाटा एकमेकींवर चढत होत्या. थोरला भाऊ वाळूवर उतरला, तिकडे पाहिलं, आणि जाऊन फहदचं कपाळ चुंबलं.

तुम्ही काय केलंत ते मात्र मला कधीच विसरता येणार नाही. ओल्या कपड्यांनी वाळूवर बसकण मारलीत, माझा हात धरलात आणि लहान मुलासारखे म्हणालात, "बघितलंस? त्याने मला थांबवलं! मला!" केतकीचा निकाल लागला तेव्हाही मी तुम्हाला असं पाहिलं नव्हतं. देवमासा तर तुम्ही विसरूनच गेला होतात.

नाशिकला आल्यावर तो आठवला. येईल त्याला सांगायचात, आम्ही देवमासा पाहिला. मी आतून ओरडायची, फवारा पाहिला म्हणा. तुम्ही म्हणायचात, पाठ दिसली. मी म्हणायची, ती लाट होती. हेही भांडण राहिलंच. जा, ते तुम्हाला दिलं. पाठच होती ती. पण खुर्चीचं मी देत नाही. हातचं राखून शिकवलं असतंत तर आपण अजून चार वर्षं खोबरला राहिलो असतो, हे माझं मत कायम आहे. फक्त, हातचं राखणाऱ्या माणसाशी माझं लग्न झालं असतं तर त्याच्याबद्दल लिहायला मी आज कागद घेऊन बसले नसते. मला तुमचा अभिमान वाटायचा. तोंडावर बोलले नाही, कारण तुम्ही लगेच चष्मा पुसायला लागला असतात आणि मग मला काही सुचलं नसतं.

आता कालचा फोन.

फहदला केतकीने कळवलं होतं. आधी तो, त्यांच्यात म्हणतात तसं, देव त्यांच्यावर दया करो, एवढं म्हणाला. मागे लाटांचा आवाज येत होता. म्हणाला, उम्म केतकी, आमच्या टूर कंपनीने आता माझ्या हाताखाली शिकायला मुलगी दिलीय, नूरा नाव तिचं. उद्या ती माझ्या जागेवर येईल, लोक म्हणतात सगळं सांगू नकोस. मी विचारलं, मग? तर म्हणाला, सगळं सांगतो. चहाचे पेले वाळूत मांडून सांगतो. मला आमटीची वाटी आठवली.

तो तुमच्याबद्दल बोलत राहिला. बोलता बोलता बहुधा पाण्यात शिरला असावा, कयाक ढकलण्याचा आवाज आला. तेवढ्यात मागून एका मुलीचा खणखणीत आवाज:

"तांबा!"

फहद बोलायचा थांबला. मग हळूच म्हणाला, "उम्म केतकी, माफ करा. पाण्यावर फोन घ्यायचा नाही असा आमचा नियम आहे. ती मला थांबवतेय." त्याच्या आवाजात जे होतं ते मी एकदा वाळूवर ऐकलेलं आहे.

फोन बंद झाला. मी तशीच उठले, हॉलच्या दाराशी आले, आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, ऐकलंत का? तिने त्याला थांबवलं!"